बुधलीतल्या काड्या

छातीच्या रोग्यांचं इस्पितळ,
दक्षिण कॅनडा
ता. १२ सप्टेंबर १९७१

ती. बाबांच्या चरणी,
बालक तुगाकचा शि. सा. न. वि. वि.

मी पोचलो. विमानात ओकलो, पण थोडंच. इथे चौथ्या मजल्यावर खाट मिळाली आहे. खिडकीतून झाडं दिसतात आणि झाडांच्या मागे पुन्हा झाडंच. वारा कुठून येतो आहे, उद्या काय करणार आहे, काही कळायला मार्ग नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्या फुफ्फुसातला जुना रोग पुन्हा जागा झाला आहे, पुढच्या उन्हाळ्याच्या बोटीपर्यंत राहावं लागेल. मी दुभाषी मुलीला विचारलं, की घरी राहून बरा होत नाही का तो. ती म्हणाली, आजोबा, झोपा आता.

हीच मुलगी हे पत्र पाकिटात घालणार आहे. मी बाबा लिहिलेलं पाहून तिने विचारलं, तुमचे वडील अजून आहेत? मी म्हटलं, आहेत की, एकतीस वर्षांचे आहेत. ती खो-खो हसली. आपल्यातलीच आहे, पण शहरात वाढली, तिला कोण सांगणार? मग मीच सांगितलं, की माझे वडील मिकिजुक वारले त्याच वर्षी मला मुलगा झाला, आईने त्याला तेच नाव दिलं, म्हणजे वडीलच घरी परत आले. तुम्ही आईच्या कोटाच्या पाठीवरच्या टोपडीत होता तेव्हापासून मी तुम्हाला बाबा म्हणतो, आणि बोलायला लागल्यापासून तुम्ही मला पोरा म्हणता. तिचं स्वतःचं नाव कुणाचं, ते तिला ठाऊक नाही म्हणे.

आता रायफलीचं. तिच्याच काळजीने मला झोप लागत नाही. लष्कराने ती मला एकोणीस वर्षांपूर्वी किनारा राखायला म्हणून लाल दंडपट्टीबरोबर दिली. त्याआधी ती युद्धात कुणाच्या तरी खांद्यावर होती. दस्त्यावर चाकूने मारलेल्या सात रेघा कशाच्या, ते मी कधी विचारलं नाही. मी निघालो तेव्हा त्यांच्या वहीत तुमचं नाव लिहून दिलं आहे. पण ती आपली नव्हे, लष्कराची. वसंतात नवा अधिकारी तपासणीला येणार आणि ज्याची नळी गंजली असेल त्याची रायफल काढून नेणार, असं ऐकूनच मी निघालो. म्हणून ऐका. तिला घरात आणू नका. थंडीतून उबेत आली की तिला घाम फुटतो आणि तोच घाम गंज धरतो. बाहेरच्या पडवीत सीलच्या कातड्याच्या पिशवीतच टांगा. बोल्टला तेल लावू नका, थंडीत त्याचा डिंक होतो. त्या जुन्या काडतुसांची दारू नळीत खार सोडते, म्हणून बार काढला त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओता आणि पितळी वजनाची दोरी फडकं बांधून तीनदा ओढा. समुद्राच्या पाण्याचा थेंब लागू देऊ नका. माणूस भिजला तर वाळतो, ती वाळत नाही.

दस्त्याच्या पोटात झाकणाखाली पितळी बुधली आहे, तिच्यात बावीस आगकाड्या आहेत, तोंड चरबीने बंद केलं आहे. त्या चहासाठी वापरायच्या नाहीत.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिलं. आलुकीला म्हणावं, तुझ्या भावाच्या जागेवर पाहुण्यांना झोपवू नको. मला विसरू नका.

तुमचा मुलगा,
तुगाक

~

मु. नुवालुक, उत्तर किनारा
ता. २० ऑक्टोबर १९७१

चि. तुगाक यास,
मिकिजुकचे अनेक आशीर्वाद.

पोरा, तुझं पत्र मिळालं. आलुकीने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मधेच थांबून म्हणाली, माझा भाऊ जन्मात पहिल्यांदा विमानात बसला आणि लिहितोय काय, तर नळी पुसा. मग तिने लीटियाला ती जुनी गोष्ट सांगितली, की पाद्री पाहुणे आले होते, चहाचं पाणी उकळलं आणि तू ते सगळं रायफलीत ओतलंस. पाद्रीबुवा थंड बिस्किट खाऊन गेले. लीटिया म्हणाली, बरं झालं मी या घरात नंतर आले. आता मी पाणी तापवलं की आलुकी ओरडते, सरका रे, बाईसाहेबांची आंघोळ आहे.

लष्कराची शंभर काडतुसं आली. शेजारचा इपिली आणि मी बर्फावर बिस्किटाचे डबे मांडून नेम धरला. शंभर पावलांवर माझे पाचातले पाच. इपिलीचे दोन. इपिली वाऱ्याला शिव्या देत होता. वारा नव्हताच. तुझी ही म्हातारी अजून सरळ बघते. पुढचा लाकडी भाग थोडा ढिला झालाय, त्याला मी वादी गुंडाळली आहे.

खरं सांगायचं तर नळीच्या तोंडाशी आत एक तांबूस ठिपका दिसतो, डासाएवढा. घासला, जात नाही. तू काळजी करणार म्हणून लिहू नको असं लीटिया म्हणत होती, पण तुझ्यापासून लपवून मला चैन पडलं नसतं.

आणखी एक. हल्ली लीटियाला चहाचा वास सहन होत नाही. कळलं ना काय ते? वसंताच्या शेवटाला. तू बरा होऊन ये, नाव काय ठेवायचं ते आलुकी तुला विचारल्याशिवाय ठरवणार नाही असं म्हणते. म्हणते फक्त. ठरवेल तीच.

जेवत जा. तुझ्यावर सगळ्यांचा जीव आहे.

तुझे बाबा,
मिकिजुक

~

इस्पितळ
ता. १४ नोव्हेंबर १९७१

ती. बाबांच्या चरणी, शि. सा. न. वि. वि.

लीटियाची बातमी वाचून मी खाटेवर उठून बसलो तर नर्सबाई रागावल्या. तिला गोठलेला मासा कच्चा द्या, शिजवून नको. इथे मला रोज उकडलेले बटाटे देतात.

पण त्या ठिपक्याने माझा घास उतरत नाही. डासाएवढा आज आहे, अधिकारी येईल तेव्हा केवढा असेल? माझ्या बाजूच्या खाटेवर सार्जंट डोनली म्हणून एक म्हातारा आहे, एकाच फुफ्फुसाचा. त्याने युद्धात अशीच रायफल पाच वर्षं वागवली. आम्हाला एकमेकांची भाषा येत नाही, पण रायफलीची येते. मी हवेत बोल्ट मागे ओढला की तो टोक दाबून दाखवतो, तिथे झिजते, असं. दुभाषी मुलगी आली की राहिलेलं बोलून घेतो.

परवा त्याने विचारलं, तुम्ही बुधलीत कुठलं तेल घालता? मी सांगितलं, तेल नाही, काड्या. तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. बाजूच्या खाटांवरचे पण हसले. ती बुधली तेलासाठीच घडवलेली असते, बाबा. लष्कराच्या पुस्तकात तसं चित्र आहे, त्याने काढून दाखवलं. एकोणीस वर्षं आपण तिच्यात काड्या कोंबल्या आणि नळी गंजली तर थंडीला दोष दिला. मला फार लाज वाटली. नवा अधिकारी झाकण उघडेल आणि आत काड्या बघेल, तर म्हणेल, या अडाण्यांना रायफल दिली कुणी?

सार्जंटने त्याच्या सुनेकडून मला एक डबी आणवून दिली. विमानात वापरतात तसलं पातळ तेल आहे, गोठत नाही अशी त्याची शपथ आहे. या पत्राबरोबर पार्सलने पाठवतो आहे. ते बुधलीत भरा. नेहमी तिच्यात ठेवा. बार काढून नळी धुतली, की लगेच तिथल्या तिथे फडक्यावर दोन थेंब घेऊन ओढा, घरी येईपर्यंत थांबू नका. माझ्यासाठी एवढं करा.

माझा खोकला कमी आहे. तुमचा हात पाठीवर असू द्या.

तुमचा मुलगा,
तुगाक

~

मु. नुवालुक
ता. ६ डिसेंबर १९७१

चि. तुगाक यास अनेक आशीर्वाद.

पोरा, पार्सल फुटलं नाही. तुझ्या तेलाची मी परीक्षा घेतली. डबी दोन दिवस छपरावर ठेवली. इपिली पैज लावून बसला होता की डिंक होणार. तिसऱ्या दिवशी डबी वाकडी केली तर पाण्यासारखं ओघळलं. इपिलीने पैजेपायी मला त्याचे नवे हातमोजे दिले. तुझ्या सार्जंटला सांग, नुवालुकमध्ये त्याला एक शत्रू झाला आहे.

बुधलीतल्या काड्या काढल्या आणि तेल भरलं. आलुकी बघत होती. तिने तोंड वेडंवाकडं केलं, म्हणाली, काड्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? मी म्हटलं, पोराने एवढ्या लांबून काही पाठवलं तर बापाने ते वापरायचं असतं. तू लाज वाटली म्हणून लिहिलंस ते मला नाही आवडलं. पण तुझं मन मोडवत नाही. काड्या आता माझ्या खिशात असतात.

ठिपका तेलाने मऊ पडला आणि निघाला. नळीत डोळा लावला तर पलीकडे दिव्याचा गोल, स्वच्छ, चंद्रासारखा.

आता अंधाराचे दिवस. दुपारी थोडं उजाडतं तेवढ्यात खाडीपलीकडे जाऊन कॅरिबू बघणार आहे, लीटियाला ताजं मांस पाहिजे. बर्फगाडी नीट चालते.

पोरा, घाबरत बसू नकोस. तुझी म्हातारी माझ्यापेक्षा जास्त जगेल.

तुझे बाबा,
मिकिजुक

~

इस्पितळ
ता. २० जानेवारी १९७२

चि. आलुकी हिस अ. उ. आ.

बाबांचं सहा डिसेंबरचं पत्र आलं, त्यानंतर काहीच नाही. मी तीन पत्रं पाठवली. तीन विमानं आली असतील. दुभाषी मुलीला रोज विचारलं की सांगते, आजोबा, टपाल रेंगाळतं. पण बाजूच्या वॉर्डातल्या बाईला तुमच्याच विमानाने पत्र आलं.

बाबा माझ्यावर रागावले का? काड्यांबद्दल मी जरा जास्तच लिहिलं. सार्जंटसमोर लाज वाटली ती माझी, बाबांना सुनवायची काय गरज होती? तू त्यांना सांग, पोरगं चुकलं. दोन ओळी तरी लिहायला सांग. त्यांना वेळ नसेल तर लीटियाने लिहावं.

रायफल कशी आहे? वसंत जवळ येतो आहे.

तुझा दादा,
तुगाक

~

मु. नुवालुक
ता. ८ फेब्रुवारी १९७२

ती. दादास,
आलुकीचा सा. न. वि. वि.

तुझी सगळी पत्रं मिळाली. इकडे सर्व ठीक आहे. बाबा लांब कोल्ह्यांच्या सापळ्यांवर गेले आहेत, यंदा बराच मुक्काम पडेल असं दिसतं. त्यामुळे पत्र नाही. रागावलेले मुळीच नाहीत. तुझ्यावर ते कधी रागावले आहेत का?

लीटियाचं पोट दिसायला लागलं आहे. ती माझ्याकडेच असते. इपिली आम्हाला सील आणून देतो, तोंडाने बडबड नाही करत हल्ली, मुकाट ठेवून जातो.

रायफलीची काळजी करू नको. ती पडवीत पिशवीत टांगली आहे, कोरडी आहे, तिला कुणी हात लावत नाही.

औषध वेळेवर घे. नर्सबाईंचं ऐक. माया असू दे.

तुझी बहीण,
आलुकी

~

इस्पितळ
ता. २७ फेब्रुवारी १९७२

आलुकी,

तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही यायचं नाही. बाबा सापळ्यांवर आहेत आणि रायफल पडवीत आहे, असं लिहिलंस. आपल्यातला कुठला माणूस अंधाराच्या दिवसांत रायफलीवाचून सापळ्यांवर जातो?

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्या नाडीवर बोट ठेवलं आणि खिडकीकडे बघितलं.

तू लिही. माझं फुफ्फुस माझं मी सांभाळतो. काय झालं ते पहिल्यापासून लिही, काही गाळू नको. मी मोठा भाऊ म्हणून सांगतो आहे.

तुगाक

~

मु. नुवालुक
ता. १९ मार्च १९७२

ती. दादास, सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी इकडच्या नर्सबाईंना तार केली होती, की छाती बरी होईपर्यंत कळवू नका. म्हणून आम्ही गप्प राहिलो. मला माफ कर. आता लिहिते.

अठरा डिसेंबरला बाबा खाडीपलीकडे कॅरिबूला गेले. उतरणीजवळ, जिथे प्रवाह खालून बर्फ खातो, तिथे बर्फगाडी आत गेली. तंबू, स्टोव्ह, सगळं गाडीबरोबर गेलं. बाबा निघाले पाण्यातून, पलीकडच्या काठाला लागले. आपल्या आणि त्यांच्या मधे उघडं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी इपिली लांबून वळसा घालून गेला तेव्हा ते खडकाच्या आडोशाला बसलेले सापडले.

तू म्हणालास गाळू नको, म्हणून लिहिते. कपडे छातीपर्यंत बर्फाचे झाले होते. उजवी बाही मात्र कोरडी होती, खांद्यापासून. इपिली सांगत होता, की त्यांनी तो हात पूर्ण वेळ वर धरला असणार. एका हाताने पाण्यातून वर आले, दादा. रायफल त्यांनी बर्फात दस्त्यावर उभी करून ठेवली होती, थेंबसुद्धा लागला नव्हता तिला.

खिशातल्या काड्यांचा लगदा झाला होता. थोडं वाळलेलं शेवाळ आणि कापलेलं फडकं गोळा करून ठेवलं होतं, पेटवायला म्हणून. बाजूला बुधली होती, झाकण उघडं. तेल सांडलं होतं.

मला हे लिहायचं नव्हतं. पण तू दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. काड्या नव्हत्या म्हणून झालं असं मी म्हणत नाही. इतकं भिजल्यावर बोटं काडी तरी कशी धरणार? दोन काडतुसांच्या टोकांवर दातांच्या खुणा होत्या. दारू काढून पेटवायला बघत असावेत. बोटं चालत नव्हती म्हणूनच दात लावले ना?

आता माझं ऐक. त्या दुपारी मी दारात उभी होते. खाडीपलीकडून बार ऐकू आले. हवा इतकी थंड होती की आवाज अगदी जवळून आल्यासारखा वाटला. मी लीटियाला हाक मारली, म्हटलं, ऐकलंस का, मांस आलं! आणि भांड्यात बर्फ टाकून चुलीवर ठेवलं. तीन बार, मग थांबून पुन्हा तीन, असं इपिलीची बायको नंतर म्हणाली. तीन म्हणजे मदत, हे तू मला किती वेळा सांगितलं आहेस. मी मोजले नाहीत. ते तिकडे हाक मारत होते आणि मी इकडे मीठ शोधत होते.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. लीटियालाही नाही. ती तेव्हा हसली होती.

त्यांना टेकडीवर ठेवलं आहे, आपल्या बाबांच्या शेजारी. म्हणजे त्यांच्याच शेजारी.

तू जेव. तू गेलास तर मी कुणाशी बोलू?

आलुकी

~

इस्पितळ
ता. ६ एप्रिल १९७२

आलुकी,

पत्र मिळालं.

बार मोजले असतेस तरी मधे पाणी होतं. इपिलीला वळसा घालायला जो वेळ लागला तोच लागला असता. तुझ्याकडे बोट दाखवायचं नाही, स्वतःही नाही.

माझं वेगळं आहे. मी लिहिलं होतं, काड्या काढा. मी लिहिलं होतं, ती भिजता कामा नये. तेल गोठलं नाही, सार्जंट खरं बोलत होता. रायफलही उडाली सहा वेळा. सगळं मी सांगितल्याप्रमाणे झालं. त्याने माझं सगळं ऐकलं.

एकतीस वर्षं मी त्याला बाबा म्हटलं. एकदाही मुला म्हणून हाक मारली नाही. माझा मुलगा होता तो, आलुकी.

सार्जंट विचारतो आहे, जेवत का नाहीस. मी त्याला काही सांगितलं नाही. भला माणूस आहे, त्याचा दोष नाही. तो आपला बटाटा माझ्या ताटात घालतो.

रायफल अधिकाऱ्याला देऊन टाक. ती मला पुन्हा दिसायला नको. आणि उन्हाळ्याच्या बोटीची वाट बघू नका. मी त्या दारातून आत कोणत्या तोंडाने येऊ?

तुगाक

~

मु. नुवालुक
ता. १४ मे १९७२

ती. दादास, सा. न. वि. वि.

दोन मे रोजी सकाळी लीटिया बाळंत झाली. मुलगी आहे. रडली नाही आधी, सगळ्यांकडे कपाळाला आठ्या घालून बघितलं, कोण कोण जमलंय ते. इपिलीची बायको म्हणाली, हे बघणं आपल्या ओळखीचं आहे. मी तुला विचारायला हवं होतं, पण विमान दोन आठवड्यांनी होतं आणि बाळ बिननावाचं किती दिवस ठेवणार? मी तिच्या कानात मिकिजुक म्हटलं. लगेच आठी गेली.

आता आमच्या घरात काय चाललंय ते ऐक. लीटिया तिला दूध पाजताना अहो म्हणते. परवा म्हणाली, अहो, जरा हळू, दात नाहीत म्हणून काय झालं. आणि हसता हसता तिला रडू कोसळलं, मग मलाही. इपिलीने खुंटीवरचे ते पैजेतले हातमोजे काढून बाळाच्या उशाशी ठेवले. आता परत हरलो म्हणाला.

अकरा तारखेला अधिकारी आला. अगदी तरुण आहे, नाकाची साल निघालेली. बरोबर आपले पोलीसदादा. रायफल आणली त्याच दिवशी इपिलीने ती तू सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्याने धुऊन, फडकं ओढून ठेवली होती. पडवीतली रायफल काढली, बोल्ट काढला, नळीला डोळा लावून उजेडाकडे धरली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, या किनाऱ्यावर इतकी स्वच्छ नळी मी बघितली नाही. वही काढून विचारलं, हा मिकिजुक कुठे आहे?

मी म्हटलं, घरातच आहे, झोपलाय.

पोलीसदादांना सगळं माहीत होतं. प्रेत उतरवायला तेच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहाच्या कपात तोंड घातलं. अधिकारी म्हणाला, उठवू नका, आणि वहीत खूण केली. रायफल होती तिथे टांगून गेला.

मी खोटं बोलले नाही, दादा. तूच सांग, बोलले का?

तेव्हा रायफल दिलेली नाही. ती तिची आहे. मुलगी असली तरी ती जाईल शिकारीला, बाबा गेल्याशिवाय राहतील का? पण तिला नेम धरायला कोण शिकवणार? इपिली? त्याचे पाचातले दोन लागतात.

तू कोणत्या तोंडाने येऊ म्हणतोस. रोज सकाळी मी बाळाला उचलून विचारते, पोरगं कधी येणार हो तुमचं? ती दाराकडे बघते. मला तसं वाटतं म्हण हवं तर. या घरात कुणी तुझ्यावर रागावलेलं नाही, आणि ज्यांनी रागवायचं ते पाठीवरच्या टोपडीत झोपले आहेत.

बोट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते.

तुझी बहीण,
आलुकी

~

इस्पितळ
ता. ४ जून १९७२

ती. बाबांच्या चरणी,
बालक तुगाकचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आलुकी तुम्हाला वाचून दाखवील. समजलं नाही तरी ऐका.

डॉक्टर म्हणाले, छाती बरीच सुधारली आहे, बोटीने जायला हरकत नाही. सार्जंट मागच्या आठवड्यात वारला. त्याची सून आली होती. मी तिला दुभाषी मुलीकडून सांगवलं, की तुमच्या सासऱ्यांचं तेल खरंच गोठत नाही. तिला बरं वाटलं. बाकीचं मी माझ्याजवळ ठेवलं.

दुभाषी मुलीने तिच्या आईला पत्र घालून विचारलं, की माझं नाव कुणाचं. उत्तर आलं, आजीच्या बहिणीचं. ती बाई अस्वलाला काठीने हाकलायची म्हणे. हे सांगायला पोरगी दोन मजले धावत वर आली.

बाबा, मी तुमच्याकडे आजवर नुसती मागणीच करत आलो. आता आणखी एक. आलुकीला सांगा, रायफलीच्या दस्त्यातली बुधली काढ. आतलं तेल ओतून टाक, एक थेंब ठेवू नको. उकळत्या पाण्याने धू, चुलीवर धरून वाळव. मग तिच्यात काड्या भर, कोरड्या, बावीस बसतात. तोंड चरबीने बंद कर. कुणी हसलं तर हसू दे.

आणि नळी गंजली तर गंजू द्या. भिजली तर भिजू द्या. पाण्यात पडलात तर तिला सोडा, दोन्ही हातांनी बाहेर या. हे मी तुम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं. आता तुम्ही चालायला लागाल तेव्हापासून रोज सांगेन, तुम्हाला कंटाळा येईपर्यंत.

ऑगस्टमध्ये बोट लागेल तेव्हा मी धक्क्यावर उतरून थांबेन. आपण होऊन घराकडे येणार नाही. लीटियाने तुम्हाला पाठीवर घेऊन खाली आणावं. तुम्ही मला बघून कपाळाला आठी घातलीत, तर मी त्याच बोटीने परत जाईन. नाही घातलीत तर एकदा, एकदाच, मी तुम्हाला बाबा म्हणणार नाही. बाळा म्हणेन. मग पुन्हा नेहमीसारखं.

तोवर पोट भरून दूध प्या, आणि मला घरात घ्या.

तुमचा मुलगा,
तुगाक